पासवर्डची मुदत: नव्वद दिवसांचा नियम आला कुठून?

मंडळी, आजच्या विषयाला एक निमित्त झालं. आमच्या अभ्यासगटाचा छोटा सर्व्हर आहे, आम्हीच चालवतो. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं त्यावर असतात आणि रोज रात्री बॅकअपचं काम आपोआप चालतं. हे काम ज्या खात्याच्या नावावर होतं, त्याच्या पासवर्डची ९० दिवसांची मुदत संपली. त्या खात्यातून कोणी माणूस कधी लॉगिन करतच नव्हता. मग ‘पासवर्ड बदला’ ही सूचना वाचणार कोण? लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन आधी खातं वैध आहे का ते विचारतो, आणि मुदत संपली असेल तर नाकारतो. लॉगमध्ये एक ओळ पडते, बस्स. आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, डिस्क गेल्यावर. दोन व्याख्यानं गेली ती गेलीच.

तर हा नियम आला कुठून?

संगणकावरचा पासवर्ड १९६० च्या दशकारंभी अमेरिकेत एमआयटीमध्ये, फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस या यंत्रणेत दिसतो. एक संगणक, वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला आपापलं कुलूप. ते फार टिकलं नाही! १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. का, तर वाट्याला आलेला संगणकाचा वेळ त्याला पुरत नव्हता.

मुदतीमागचं गणित नीट मांडलेलं सापडतं ते १९८५ मध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पासवर्ड मार्गदर्शिकेत. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली जाते. पासवर्ड किती काळ वापरात राहणार, मिनिटाला किती वेळा अंदाज लावता येईल आणि एकूण किती पासवर्ड शक्य आहेत, यावरून तो फुटण्याची शक्यता काढायची. तेव्हा हल्लेखोर येणार टेलिफोनच्या तारेवरून, ३०० बॉडच्या मोडेमने. मिनिटाला जेमतेम आठ-नऊ प्रयत्न. त्या काळात हा हिशोब चोख होता. आणि गंमत पाहा, तिथेही कमाल मुदत एक वर्ष आहे, तीन महिने नाही.

पुढे हिशोब मागे पडला, आकडा तेवढा राहिला. लेखापरीक्षकांच्या याद्यांमध्ये तो शिरला, तयार सेटिंगांमध्ये बसला. मग माणसं काय करणार? ‘गणपती१’ चं ‘गणपती२’! हे नुसतं आपलं निरीक्षण नाही. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक बंद खात्यांचे पासवर्ड तपासले. दर तीन महिन्यांनी ते बदलायची तिथे सक्ती होती. जुना पासवर्ड हाती असेल, तर ४१ टक्के नवे पासवर्ड काही सेकंदांत निघत होते. म्हणजे चोरासाठी कुलूप बदललेलंच नव्हतं. त्रास फक्त घरच्यांना.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक काळाने सक्ती करू नये असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायलाच लावा. आधीच्या मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनी त्याच वर्षी, बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं वृत्तपत्राला सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींमधून ६० दिवसांची अट काढली. कार्डव्यवहारांच्या पीसीआय नियमांत, नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या खात्यांसाठी, ९० दिवस आजही आहेत, पण तिथेही पर्याय दिलेला आहे.

आता आपला सर्व्हर. लिनक्समध्ये मुदत न लावण्यासाठी जुना आकडा आहे ९९९९९ दिवस, म्हणजे सुमारे २७३ वर्षं! आम्ही ‘लॉगिन डॉट डेफ्स’ या फाइलीत तोच लिहिला आणि काम झालं असं समजून चहाला गेलो. झालं नव्हतं. ती फाइल वाचली जाते फक्त नवं खातं उघडताना. जुन्या खात्यांची मुदत ‘शॅडो’ फाइलीत प्रत्येकाच्या ओळीत वेगळी लिहिलेली असते, आणि ती ‘चेज’ या आज्ञेने एकेका खात्याची बदलावी लागते. तशी बदलायला बसलो, तेव्हा आणखी दोन खाती सापडली. त्यातल्या एकाची मुदत चार दिवसांनी संपणार होती.