पिकअप वाहनातील मालाचे पावसापासून संरक्षण

पिकअप वाहनातील मालाचे पावसापासून संरक्षण म्हणजे उघड्या हौद्याच्या लहान मालवाहू वाहनातून नेल्या जाणाऱ्या मालापर्यंत पावसाचे व रस्त्यावरचे पाणी पोहोचू नये, यासाठी केली जाणारी व्यवस्था होय. ताडपत्रीचे आच्छादन हा तिचा मुख्य भाग असला, तरी आच्छादनाला दिलेला उतार, फाळक्याच्या फटी, हौद्याच्या तळातून होणारा निचरा आणि माल रचण्याची पद्धत यांवरही तिचे यश अवलंबून असते. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन व कापूस यांची बाजारपेठेपर्यंतची वाहतूक मोठ्या प्रमाणावर अशा वाहनांतून होत असल्याने तेथे या व्यवस्थेला विशेष आर्थिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडाच्या पश्चिम भागात असून अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे दोन नैसर्गिक विभाग पडतात. उत्तरेस पूर्णा नदीचे मैदान आहे. त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव व खामगाव ही गावे येतात. दक्षिणेस चिखली, मेहकर, लोणार व सिंदखेड राजा यांचा पठारी प्रदेश आहे. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. त्यापूर्वी वऱ्हाडातील कापूस बैलांच्या पाठीवरून व बैलगाड्यांतून दूरच्या बाजारांकडे जात असे आणि वाटेत पाऊस लागल्यास भिजत असे.

आज शेतापासून बाजार समितीपर्यंतचा टप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबरोबरच पिकअप वाहनांनी व्यापला आहे. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा एस, अशोक लेलँड दोस्त ही त्यांतील परिचित वाहने होत. चालकाच्या कक्षामागे पत्र्याचा उघडा हौदा, त्याच्या दोन्ही बाजूंस व मागे उघडता येणारे फाळके, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. माल चढवणे-उतरवणे या रचनेमुळे सोपे होते. मात्र वरून छप्पर नसल्याने आणि फाळक्यांच्या कडांना फटी असल्याने पाण्याला अटकाव राहत नाही.

जिल्ह्यात पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर येते. कापसाच्या वेचण्या त्यानंतर सुरू होऊन हिवाळ्यात चालू राहतात आणि त्यांना अवकाळी पावसाचा धोका असतो.

ओलावा आणि बाजारभाव

हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा सामान्यतः १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव प्रतिक्विंटल ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा अपवाद म्हणून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.

या तीन टक्क्यांचा अर्थ वजनात पाहता येतो. १५ टक्के ओलावा असलेले एक क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवल्यास सुमारे ९६.६ किलोग्रॅम उरते. उलट बाजूने, १२ टक्के ओलाव्याच्या १५ क्विंटल सोयाबीनचा सरासरी ओलावा १५ टक्क्यांवर जाण्यास सुमारे ५३ लिटर पाणी पुरते. प्रत्यक्षात हे पाणी सर्व मालात सारखे पसरत नाही. वरच्या थरातील आणि तळाची पोती अधिक भिजतात. त्यांतील दाणे फुगतात, टरफल सुरकुतते, रंग बदलतो व पुढे बुरशी येते. नमुना अशा पोत्यातून घेतला गेल्यास संपूर्ण गाडीच्या मालाची प्रत त्यावरून ठरण्याचा संभव असतो.

भिजलेला कापूस पिवळसर पडतो, दाबून भरलेला असल्यास आतून तापतो आणि त्याच्या धाग्याची प्रत घटते. ओल्या कापसातून सरकी वेगळी करणेही कठीण जाते.

पाणी शिरण्याचे मार्ग

वरून: एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लिटर पाणी जमा होते. आठ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर असते. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे १०० लिटर, म्हणजे १०० किलोग्रॅम पाणी पडते. आच्छादन सपाट असल्यास हे पाणी खळग्यांत साचते, त्याच्या भाराने खळगा अधिक खोल होतो आणि पाणी शिवण, भोक किंवा घडीतून खाली झिरपते.

समोरून: धावत्या वाहनावर पावसाचे थेंब तिरपे आदळतात. चालकाचा कक्ष व हौदा यांमधील मोकळ्या जागेतून ते आच्छादनाच्या पुढच्या कडेखाली शिरतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाताना तो सुमारे चौपट होतो. गावरस्त्यावर पुरेशी वाटणारी बांधणी राष्ट्रीय महामार्ग ५३ किंवा समृद्धी महामार्गावर फडफडून सैल होते, ती याच कारणाने.

मागून व खालून: वाहनामागे तयार होणाऱ्या हवेच्या भोवऱ्यामुळे चाकांनी उडवलेले पाणी मागच्या फाळक्याकडे ओढले जाते. तळाच्या पत्र्यातील बोल्टची व गंजलेली छिद्रे हाही त्याचा मार्ग असतो.

आच्छादनाचे प्रकार

ताडपत्री या नावात ताडाच्या पानाचा उल्लेख असला, तरी आजची ताडपत्री कापडाची किंवा प्लॅस्टिकची असते. मेण व तत्सम द्रव्यांनी जलरोधक केलेले सुती कॅनव्हास जड, पण टिकाऊ असते. ओले ठेवल्यास ते कुजते. उच्च घनतेच्या पॉलिथिलीनच्या विणलेल्या पट्ट्यांवर पातळ थर चढवून केलेली ताडपत्री हलकी व स्वस्त असते. तिच्यासाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. उन्हातील अतिनील किरणांनी आणि घडीच्या रेषांवर ती झिजते. पीव्हीसीचा लेप दिलेले कापड अधिक जड व महाग असून सततच्या वाहतुकीसाठी वापरले जाते. ताडपत्रीची जाडी व्यवहारात ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅम वजनात सांगितली जाते.

काही वाहनांवर लोखंडी कमानी बसवून कायम स्वरूपाचे छत केले जाते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असे फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात.

बांधणीची पद्धत

परिणामकारक बांधणीत पाणी अडवण्यापेक्षा ते वाहून लावण्यावर भर असतो. मधली पोती उंच रचून किंवा कमानी लावून आच्छादनाला दोन्ही बाजूंस उतार दिला जातो. ताडपत्रीच्या कडा फाळक्यांच्या बाहेरून खाली सोडल्या जातात. त्या हौद्याच्या आत खोचल्यास उतारावरून आलेले सर्व पाणी थेट मालावर उतरते. माल भिजण्याचे हे एक सहज टाळता येण्याजोगे कारण आहे.

दोन ताडपत्र्या वापरायच्या असल्यास मागची आधी व पुढची नंतर अंथरली जाते. कौलांप्रमाणे पुढची कड मागचीवर आल्याने वारा व पाणी जोडाखाली शिरत नाही. दोरी हौद्याबाहेरील हुकांतून तिरपी आवळली जाते. ती अतिशय ताणल्यास दोन फेऱ्यांमध्ये पन्हळी पडून पाणी साचते, तर सैल राहिल्यास ताडपत्री घासून फाटते.

तळाशी लाकडी फळ्या किंवा कुटाराचा थर देऊन त्यावर पोती रचल्यास खालून आलेले पाणी मालाला न लागता निघून जाते. यासाठी तळातील निचऱ्याची छिद्रे मोकळी असावी लागतात. ती पूर्णपणे बुजवल्यास आत आलेले पाणी साचून राहते आणि पत्रा गंजतो. फाळक्याच्या फटींवर रबरी पट्टी लावण्याचा उपायही केला जातो. आच्छादनामुळे मागचे दिवे, परावर्तक व नोंदणी क्रमांकाची पाटी झाकली जाणार नाही, हे पाहणे कायद्याने व सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक असते.

मर्यादा

आच्छादन बाहेरचे पाणी रोखते, परंतु मालातील ओल काढून टाकत नाही. पुरेसे न वाळलेले सोयाबीन हवाबंद झाकून रात्रभर ठेवल्यास त्यातून निघालेली वाफ ताडपत्रीच्या थंड पृष्ठभागावर सांद्रित होऊन थेंबांच्या रूपाने परत मालावर पडते. त्यामुळे बाजार समितीच्या आवारात गाडी मुक्कामी राहिल्यास पाऊस थांबल्यावर कडा उचलून हवा खेळू देणे उपयुक्त ठरते.

हेसुद्धा पाहा

ताडपत्री
सोयाबीन
कृषी उत्पन्न बाजार समिती
बुलढाणा जिल्हा