धनादेशाच्या तळाशी असलेली काळी ओळ

भारतातील कोणत्याही बँकेचा धनादेश हाती घेतला, तरी त्याच्या तळाच्या पांढऱ्या पट्टीत ठसठशीत काळ्या अंकांची एक ओळ दिसते. अंकांच्या टोकांना कसलीही नक्षी नाही. प्रत्येकाला मिळालेली जागा सारखी, पण एकाच अंकाची एक बाजू काडीसारखी बारीक, तर दुसरी उगाच फुगल्यासारखी. सुलेखनकार या वळणाला नाके मुरडेल. परंतु ते मानवी डोळ्यासाठी घडवलेलेच नव्हते.

१९५० च्या दशकात बँक ऑफ अमेरिकेला धनादेशांच्या ढिगांची हाताने वर्गवारी करणे अशक्य होऊ लागले. स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी त्यावर शोधलेल्या उपायातून ‘ई-१३बी’ हे वळण आले. त्याच्या शाईत लोहाचे ऑक्साइड असते. यंत्रात शिरताना ही शाई चुंबकित होते आणि अंक वाचक-शीर्षासमोरून सरकतो. शीर्षासमोर येणाऱ्या उभ्या पट्टीत शाई वाढली की विद्युत्-संकेत एका दिशेने उसळतो, घटली की उलट दिशेने. म्हणजे यंत्र आकृती पाहत नाही. ते जाडीतील चढउतार अनुभवते. अंकांची ती विचित्र सूज म्हणजे प्रत्येकाला दिलेली स्वतंत्र लहर होय. दोन अंकांमधील अंतर इंचाचा अष्टमांश ठरलेले असल्यामुळे पुढचा अंक केव्हा येणार, हेही यंत्राला ठाऊक असते. वर शिक्का पडला किंवा साध्या शाईची रेघ ओढली गेली, तरी वाचन सहसा अडत नाही.

या संचात दहा अंक आणि चार खुणा, एवढेच आहे, मुळाक्षरे नाहीतच. ती उणीव पुढे अक्षररचनाकारांनी हौसेने भरून काढली. बॉब न्यूमन यांचा १९७० चा ‘डेटा ७०’ हा टंक त्यांतलाच. संगणकयुगाचे चित्र रंगवायचे तर असलीच अक्षरे, असा संकेतच त्यातून रूढ झाला.

भारतात धनादेशांसाठी चुंबकीय वाचन स्वीकारावे की प्रकाशीय, याचा विचार रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. दामले कार्यगटाने १९८२-८३ मध्ये केला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, दिल्ली, मद्रास व कलकत्ता येथे चुंबकीय पद्धत सुरू झाली. तिच्या नऊ अंकी संकेतातील पहिले तीन अंक शहराचे, नंतरचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा ४००, दिल्लीचा ११०. टपालाच्या पिनकोडची सुरुवातही हीच. धनादेश मराठीत लिहिलेला असो वा तमिळमध्ये, यंत्राला फरक पडत नसे. रक्कम मात्र हस्ताक्षरातली. ती वाचून त्याच वळणात तळाशी उमटवायला बँकेत माणूसच बसावा लागे.

१ फेब्रुवारी २००८ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात धनादेशाचा कागद फिरवण्याऐवजी त्याचे चित्र पाठवण्याची पद्धत आली आणि पुढे ती देशभर पसरली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर धनादेश दिवसभर, येतील तसे वटवले जाऊ लागले. आता कागद जिथे भरला तिथेच थांबतो. परंतु चित्रासोबत पुढे जाणारी माहिती अजूनही त्याच काळ्या ओळीतून वाचली जाते.