विजेच्या मोटारीची मजल

'मजल दरमजल करीत' हे शब्द आपण लहानपणापासून गोष्टींतून ऐकत आलो आहोत. राजपुत्र मजल दरमजल करीत परक्या नगरीला जातो. मजल हा शब्द मूळचा अरबी. मंजिल, म्हणजे वाहनावरून उतरण्याची जागा. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ एका दिवसाची चाल असा झाला. उतरण्याची जागा आणि कापलेलं अंतर या दोहोंना एकच शब्द असावा यात नवल नाही. जनावर जिथवर चालेल तिथवर माणूस जाणार, आणि जनावर जिथं थांबेल तिथंच त्याची चूल पेटणार.

आज बोलायचं आहे ते विजेच्या मोटारींविषयी. इतिहासाच्या मास्तरानं मोटारींच्या भानगडीत का पडावं, असं आपल्याला वाटेल. मोटारीच्या यंत्राविषयी मी बोलणार नाही. त्यातलं मला फारसं कळत नाही. माझा विषय आहे थांबा. ज्याला आता सगळे चार्जिंग स्टेशन म्हणतात ते कुठं असावं, हा प्रश्न नवा वाटतो, पण तो नवा नाही. वाहन बदललं की दरवेळी तो नव्यानं पडलेला आहे, आणि दरवेळी त्याचं उत्तर कुणाला तरी सोयीचं आणि कुणाला तरी गैरसोयीचं झालेलं आहे.

शेरशाह सूर हा दिल्लीच्या तख्तावर अवघी पाच वर्षं होता, १५४० ते १५४५. पण त्याच्या सरायांची कीर्ती अजून आहे. अब्बास खान सरवानी हा तवारीखकार लिहितो, की रस्त्यावर दर दोन कोसांना एक याप्रमाणे शेरशाहानं सतराशे सराया बांधविल्या. तिथं हिंदू आणि मुसलमान वाटसरूंची निरनिराळी सोय असे, पाणी असे, घोड्याला चंदी-वैरण असे, शिवाय सरकारी डाकेचे दोन घोडे तयार असत. दोन कोस म्हणजे काही दिवसाची मजल नव्हे. बैलगाडी त्याच्या तिप्पट-चौपट जाते. मग इतकी दाटी कशाला? एक कारण डाकेचं. दुसरं कारण कुठल्याही गाडीवानाला विचारा. बैल लंगडला, नदीला पाणी आलं, दिवस बुडाला, तर पुढचा आसरा हाकेच्या अंतरावर हवा. सगळं ठीक चाललं तर माणूस किती जातो यावरून थांबे ठरत नाहीत. काही बिघडलं तर तो किती जाऊ शकतो, यावरून ठरतात.

आपल्याकडे हेच काम बारवा, विहिरी आणि धर्मशाळा यांनी केलं. अहिल्याबाई होळकरांची कारकीर्द १७६७ ते १७९५. त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या केवळ आपल्या दौलतीत नव्हे, तर पार काशीपर्यंत. यात्रेकरू जिथं जात होता तिथं त्यांनी पाणी नेऊन ठेवलं. पाण्यापाशी यात्रेकरूला ओढून आणलं नाही. हा फरक बारीक आहे, पण लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कारण रेल्वेनं नेमकं उलटं केलं. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षाही पाण्याची तहान फार. जिथं बारमाही पाणी तिथं गाडी थांबणार, मग गाव तिथून कोसभर लांब का असेना. मुंबईकडून विजेचं इंजिन १९३० पर्यंत इगतपुरीला पोचलं आणि पुढं अनेक वर्षं तिथं वाफेचं इंजिन जोडावं लागे. इंजिन बदलायचं म्हणून गाडी थांबायची, गाडी थांबायची म्हणून चहावाले धावायचे. तिथं उतरायला कुणी तिकीट काढलेलं नसे, तरी सगळे खाली उतरत. थांबा यंत्राच्या गरजेनं ठरला, आणि माणसानं आपली गरज त्यात बसवून घेतली.

आता मोटारीकडे वळू. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानं तयार केलेली तीनचाकी मोटार हाकीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांवर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा व्हिसलोख गावी तिनं ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. लिग्रोइन नावाचा हा द्रव डाग काढण्यासाठी तिथं मिळत असे. पेट्रोलच्या विजयाचं एक मोठं कारण मला या प्रसंगात दिसतं. ते बाटलीत मावतं. डब्यात भरून खेड्यातल्या वाण्याच्या दुकानात फळीवर ठेवता येतं. पंप नसले तरी चालतं.

विजेचं तसं नव्हतं. १८९७ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यावर वॉल्टर बर्सी या तरुण इंजिनियरनं विजेच्या भाड्याच्या गाड्या आणल्या. त्यांच्या गुणगुण आवाजावरून लोक त्यांना गुंजनपक्षी म्हणत. एका भरणीत गाडी सुमारे पन्नास किलोमीटर जाई, आणि मग लॅम्बेथमधल्या आगारात परत येऊन जड बॅटरी उतरवून दुसरी चढवावी लागे. दोनेक वर्षांत हा धंदा बसला. बॅटऱ्या फार खर्चिक निघाल्या, टायर झिजत, गाड्या मोडत, ही कारणं होतीच. पण दावं बांधलेल्या गाईसारखी जी गाडी एका खुंट्याभोवती फिरते, ती किती चरणार? अमेरिकेतही विजेच्या मोटारी शहरापुरत्याच राहिल्या. तिथं १९३५ सालीसुद्धा दहा शेतकरी कुटुंबांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. जिथं वीज नाही तिथं विजेची मोटार जाणार कशी? खेड्यानं तिला हरवलं, असं म्हटलं तरी चालेल. आणि त्यात खेड्याचा दोष नव्हता.

पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात. त्यामुळं गाडीचा विसावा आणि माणसाचा विसावा यांची फारकत झाली. पंप कुठंही असो, आपण तिथं रेंगाळत नाही. भूक लागली की जेवायला वेगळीकडे थांबतो. गेली शंभर वर्षं आपल्याला ही सवय जडली आहे, आणि चार्जिंग स्टेशनची जागा शोधणारे पुष्कळदा याच सवयीनं शोधतात. पंप आहे ना, मग तिथंच एक यंत्र उभं करा.

इथं थोडा हिशेब मांडू. साधारण लहान मोटारीची बॅटरी तीस युनिटची धरा. एका युनिटला ती सहा-सात किलोमीटर जाते. घरातल्या पंधरा ॲम्पियरच्या प्लगमधून तासाला तीन युनिटं मिळतात, म्हणजे पूर्ण भरायला दहा तास. मोठं, जलद यंत्र असेल तर तासाभरात बरीचशी भरते. एक तास किंवा एक रात्र! बैलाला पाणी दाखवून वैरण टाकायला तास, आणि त्याचा थकवा जायला रात्र. गाडी आणि गाडीवान पुन्हा एकाच वेळी विसावू लागले आहेत. म्हणून मला वाटतं, विजेच्या मोटारीचा थांबा शोधताना पेट्रोल पंपापेक्षा सराईकडे बघावं. माणसाला तासभर काम आहे, अशी जागा कोणती? तालुक्याची कचेरी, दवाखाना, बाजाराचं आवार, मंगल कार्यालय, देवस्थान, शाळा-कॉलेज. आणि रात्रभर थांबायचं असेल तर आपलं घर, नाहीतर लॉज.

एस्टोनिया हा युरोपातला चिमुकला देश. तिथं २०१३ सालच्या फेब्रुवारीत देशभर जलद चार्जिंगचं जाळं सुरू झालं, एकूण १६५ यंत्रं. पाच हजारांपेक्षा जास्त वस्तीच्या प्रत्येक गावी एक तरी, आणि मोठ्या रस्त्यांवर चाळीस ते साठ किलोमीटरला एक. याला पैसा आला तो प्रदूषणाचा शिल्लक राहिलेला सरकारी कोटा एका जपानी कंपनीला विकून. त्यातूनच ५०७ विजेच्या मोटारी समाजसेवेच्या कामावर फिरणाऱ्या सरकारी कार्यकर्त्यांना मिळाल्या. जाळं आधी, गाड्या मागाहून, असा हा क्रम. तोट्याचा म्हणाल तर होता.

पण तोटा कसा मोजायचा? २००७-०८ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीनं आपल्या कामगारांना विजेच्या मोटारी दिल्या. आगारात चार्जिंगची सोय होती, तरी माणसं जवळपासच फिरत आणि निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक असतानाच परतत. मग कंपनीनं त्या भागात दुसरं एक यंत्र बसवलं. लगेच माणसं लांब लांब जाऊ लागली, बॅटरी पुरेपूर वापरून परतू लागली. आणि गंमत अशी, की ते दुसरं यंत्र फारसं कुणी वापरलंच नाही! ते आहे, एवढं माहीत असणं पुरेसं होतं. आडरानातल्या विहिरीवर दिवसाला चारच माणसं पाणी पितात म्हणून ती बुजवा असं कुणी म्हणेल का? त्या विहिरीच्या भरवशावर तो रस्ता चालतो. किती मोटारी आल्या एवढंच मोजून जागा चांगली की वाईट हे ठरवणाऱ्यांनी ही जपानी हकीकत ध्यानात घ्यावी.

मात्र भरवसा हा शब्द मी जपून वापरतो. मागे एकदा आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी त्यांच्या विजेच्या मोटारीतून मला एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाला घेऊन गेले. फोनवरच्या नकाशात तिथं चार्जिंग स्टेशन दिसत होतं. व्याख्यान संपवून गेलो, तर ते एका दुकानाच्या कुंपणाआड, दुकानाला साप्ताहिक सुट्टी, फाटकाला कुलूप. घर पंचावन्न किलोमीटर लांब, बॅटरी तळाला. शेवटी एका पिठाच्या गिरणीवाल्यांना गळ घातली. ते म्हणाले, "लावा की मास्तर, त्यात काय एवढं." आमच्या सहकाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासलं, कारण अर्थिंग नसलं तर चार्जर सुरूच होत नाही, आणि ते योग्यच आहे. चार तास आम्ही पिठाच्या पांढऱ्या धुरळ्यात बसून होतो. दोनदा चहा झाला, गावाची बित्तंबातमी कळली, आणि घरापर्यंत पुरेल एवढी वीज मिळाली.

तिथं बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की ही जागा त्या कुलपातल्या यंत्रापेक्षा सरस आहे. वीज आहे, माणूस हजर आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि दळणाला आलेली माणसं एरवीही तिथं बसतातच. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयानं १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला, की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून त्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. म्हणजे गिरणीवाल्यांना हा जोडधंदा करायचा तर परवान्याची अडचण नाही. ही गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याआधी आठच दिवस मलाही नव्हती.

त्याच मंत्रालयाच्या २०२२ सालच्या सूचनांत शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक, आणि हमरस्त्यावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. दोन्ही बाजूंना, हे महत्त्वाचं. मधे दुभाजक असला की पलीकडचं स्टेशन डोळ्यांना दिसतं आणि उपयोगाला येत नाही. शेरशाहाच्या दोन कोसांसारखंच हे मोजमाप आहे, आणि सुरुवात म्हणून चांगलं आहे. पण शहराला चौकोन मिळाले, हमरस्त्याला टप्पे मिळाले. हमरस्त्यापासून वीस किलोमीटर आत असलेल्या गावाचं काय?

१ जून १९४८ ला एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या वाटेवर, एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' धावली. पहिल्या गाडीनंतर आतल्या गावांपर्यंत एस.टी. पोचायला बराच काळ गेला. तेव्हा अडचण रस्त्याची होती. आता अडचण रोहित्राची आहे. २८ एप्रिल २०१८ ला मणिपुरातल्या लेइसांग गावी वीज पोचली आणि देशातल्या सर्व गावांत वीज गेल्याचं सरकारनं जाहीर केलं. पण गावातलं रोहित्र पुष्कळदा ६३ नाहीतर १०० केव्हीएचं असतं. साठ किलोवॉटचं एक जलद यंत्र लावलं तर लहान रोहित्र जवळजवळ सगळं तेच खाऊन टाकील. मग पिठाची गिरणी बंद आणि घराघरांतले दिवे मिणमिणते. म्हणून खेड्याला असं अवाढव्य यंत्र वेगळ्या रोहित्राशिवाय घेऊ नये. तीन-साडेतीन किलोवॉटचे चार-पाच साधे प्लग, चांगल्या अर्थिंगसह, सावलीत, उजेडात, वस्तीच्या मधोमध, हे आज बहुतेक गावांना झेपेल. दुचाकी आणि रिक्षांना तर तेवढं भरपूर होतं, आणि गावात चारचाकीआधी त्याच येणार.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक काम सुचवतो. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. रोहित्र कुठं आहे ते दाखवायला सांगा. मग आठवड्याच्या बाजारादिवशी आणि एका आडवारी, कुठली वाहनं कुठं आणि किती वेळ उभी राहतात, याची नोंद मुलांनी घड्याळ लावून करावी. रात्री तिथं दिवा असतो का, पावसाळ्यात पाणी साचतं का, एकट्या बाईला तिथं थांबायला संकोच वाटेल का, हेही विचारायला सांगा. बाहेरून कुणी जागा पाहायला येईल तो हमरस्त्याला लागून असलेली मोकळी जमीन पाहील आणि जाईल. त्याच्यापुढं ठेवायला गावाजवळ स्वतःचा कागद असलेला बरा. ग्रामसभेत तो कागद निघाला, की रोहित्राचा खर्च कुणी सोसायचा हा वाद होईलच. तो होऊ द्यावा.