पेठेची शोभा आणि चितारआळीचे पोट



इतिहासावर बोला, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी थोडा बिचकलो. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या दारसभांत. तेव्हा राजांच्या वंशावळी मजकडून ऐकायला मिळतील अशी अपेक्षा कोणी धरू नये. मी एका आळीचा इतिहास सांगणार आहे. आपली बाजारपेठ सुंदर कशी करावी, पाहुणा तिथे घटकाभर थांबावा कसा, याची चर्चा सध्या गावोगाव चालते. सूचना पुष्कळ येतात: भिंती रंगवा, दिवे लावा, पुतळा बसवा. परंतु आपल्या जिल्ह्यातच एका पेठेने हे काम दोन-अडीचशे वर्षे केले आहे, हे आपण विसरतो. ती पेठ सावंतवाडीची आणि ती आळी चितारआळी.

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. तिसरे खेमसावंत १७५५ ते १८०३ असे जवळजवळ अर्धे शतक गादीवर होते. त्यांच्या काळात गंजिफा खेळण्याची आवड दरबारात रुजली आणि ती पाने रंगविण्याचे काम चितारी कुटुंबांकडे आले, असे सांगतात. दशावतारी गंजिफेची पाने एकशे वीस. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची पाने. दिवसा खेळ बसला तर रामाने सुरुवात आणि रात्री बसला तर कृष्णाने. पान गोल, तळहातात मावेल एवढे. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा हात द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग कापायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा लेप. या एका पानावर किती हातांचे किती तास जातात, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही. मी कामगार चळवळीतला माणूस असल्यामुळे माझी नजर आधी तिकडे जाते, हा माझा दोष समजा.

गंजिफेबरोबर पाट, चौरंग, डबे, देव्हारे आणि लाकडी खेळणी आली. इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर छापले. वाडीच्या लाखकामाची, गंजिफांची, गव्याच्या शिंगाच्या वस्तूंची आणि वाळ्याच्या पंख्यांची दखल त्यात आहे. खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड चाले, कारण ते हलके. आंबा, फणस, अननस, केळीचा घड असा सगळा कोकणचा बाग त्या लाकडातून निघाला. चुलीपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळी भातुकली निघाली.

आता पेठेच्या शोभेकडे येतो. सावंतवाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे मोती तलाव उभा राहतो. तो झाला १८७४ साली. संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रजांच्या हाती होता. तेव्हा तलावाचे श्रेय कोणी राजाला देतो, कोणी साहेबाला. बांधावर माती टाकणाऱ्या बायाबापड्यांना कोणीच देत नाही. असो. तलाव हा शहराचा आरसा खरा. परंतु तलाव पाहून माणूस पुढे निघून जातो. चितारआळीत तो थांबतो. कशामुळे थांबतो? पुढे दुकान, मागे कारखाना अशी त्या घरांची जुनी ठेवण होती. एकाच छपराखाली एकजण चरकावर लाकूड फिरवतो आहे, घरची बाई ओसरीत बसून ब्रशाने देठ रंगवते आहे, आणि गिऱ्हाईक हे सगळे पाहत उभे आहे. वस्तू होताना पाहण्याचा आनंद ती वस्तू विकत घेण्याच्या आनंदाहून मोठा असतो. आळीची शोभा भिंतीवर काढलेली नव्हती, ती कामातून आपोआप बाहेर पडत होती.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गणपतीला गावी येताना सावंतवाडीच्या स्टँडवर उतरत. पुढची गाडी सुटायला वेळ असे. तेवढ्यात चितारआळीत जाऊन त्यांनी एकदा माझ्या बहिणीसाठी लाकडी जाते आणि एक आंबा आणला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी जण पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील परत आले ते कायमचे. त्या साली खेळणी आली नाहीत. गिरणगावचा पगार थांबला की कोकणातल्या पेठेचा गल्ला आटतो, हे अर्थशास्त्र मी तेव्हा शिकलो. चितारआळी राजाश्रयावर जगली असे पुस्तके सांगतात, पण पुढच्या काळात तिला जगवले ते चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीने, असे माझे मत आहे.

राजाश्रयाविषयी अन्याय मात्र करणार नाही. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. छापील पत्त्यांनी गंजिफा आधीच मारली होती. पाने करणारे हात जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली. राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ या नावाने काम सुरू केले आणि दरबाराच्या दालनात कारागीर बसवले. जिथे कारागिराच्या आजोबाने मुजरा केला, तिथे नातू मांडी घालून चित्र काढू लागला. ही लहान गोष्ट नव्हे. राणीसाहेब २०१८ साली गेल्या, कला टिकली. मला बोचते ते इतकेच, की ही हकिगत सांगताना राजाराणीची नावे आपण घेतो आणि ज्याने ती विद्या आपल्या हातात जपून ठेवली होती, तो आपल्या तोंडी नुसता ‘एक म्हातारा चितारी’ राहतो. आताच मीही तेच केले, हे आपल्या लक्षात आले असेल.

शेजारी पिंगुळीलाही अशीच गोष्ट घडली. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पेटीत बंद पडत चालल्या होत्या. परशुराम गंगावणे यांनी राहत्या जागी कलाअंगण उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे कोणी संस्थानिक नव्हता. घरातली माणसे होती आणि गुरांचा गोठा होता, त्याचेच संग्रहालय झाले.

इंग्लंडात विल्यम मॉरिस नावाचा एक मोठा कारागीर होऊन गेला (१८३४ ते १८९६). तो कवी होता, कापडावर वेलबुट्ट्या काढणारा होता आणि मजुरांच्या सभांत भाषणेही करी. कलेविषयीचे त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की करणाऱ्याला जिच्यात सुख नाही ती वस्तू पाहणाऱ्याला फार काळ सुख देत नाही. दुर्दैव असे की त्याच्या कारखान्यातला माल श्रीमंतांनाच परवडे. त्याला स्वतःलाही ते खुपत असे. आपल्याकडे गाडगे महाराजांनी कोणताही ग्रंथ न वाचता दुसरे टोक पकडले. गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचा, गाव स्वच्छ करायचा, मग रात्री कीर्तन. शोभेची पहिली पायरी झाडणाऱ्यापासून सुरू होते.

झाडणाऱ्यांवरून एक अनुभव सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून तिथल्या बाजारातल्या भिंती रंगवायच्या ठरल्या. बाहेरचा ठेकेदार आला. आठ दिवसांत भिंतींवर दशावतार झाला, मासे झाले, होड्या झाल्या. चित्रे वाईट नव्हती. परंतु त्याच बाजारात रोज पहाटे झाडू मारणाऱ्या कंत्राटी बायांचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी आम्ही त्या बायांना घेऊन रंगवलेल्या भिंतीसमोर नुसते उभे राहिलो. घोषणा नाही, काही नाही. एकीने भिंतीवरच्या कोळणीकडे बोट दाखवून म्हटले, “हिका बरा, हिचो पगार थकना नाय.” संध्याकाळपर्यंत एका महिन्याचा पगार हातात पडला. बाकीचा मिळवायला पुढचे सहा महिने लागले. आणि चित्रे? चिऱ्याच्या भिंतीवर तेलरंग दिलेला. चिरा पाणी पितो, त्याला श्वास घ्यायला चुना लागतो. दुसऱ्या पावसाळ्यात दशावताराचे पोपडे निघाले. गावातल्या कोणाही गवंड्याला विचारले असते तर त्याने हे सांगितले असते. त्याला कोणी विचारले नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर तर याहून मोठी गोष्ट घडली. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. समोर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली त्याचे काम सुरू झाले आणि तीन वर्षांत पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. यावर मी अधिक बोलत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर जमलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आजची चितारआळी कशी आहे? मुंबई–गोवा महामार्ग पूर्वी शहरातून, तलावाच्या काठाने जात असे. झाराप ते पत्रादेवी रस्ता बाहेरून झाला आणि गाड्या परस्पर गोव्याला जाऊ लागल्या. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, पण तिचे स्टेशन शहरापासून दूर. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पाहुणा मात्र आधी समुद्राकडे धावतो. दुकानांत लाकडाशेजारी प्लॅस्टिक आले. काही ठिकाणी परप्रांतातले लाकडी खेळणेही वाडीचे म्हणून विकले जाते. २०२४ साली वाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आता नावाची चोरी थांबवायला कायद्याचे एक हत्यार हाती आले आहे. हत्यार वापरायला मात्र संघटना लागते, आणि कारागीर सुटा सुटा आहे. तो मालक आहे की मजूर, हे त्याचे त्यालाच कळत नाही. नगावर पैसे घेतो, रंग स्वतःचा आणतो, वीजबिल स्वतः भरतो आणि भाव दुसरा ठरवतो. एकदा एका म्हाताऱ्याला मी संघटनेचे सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “झिला, आमचो आंबो कदी कुसना नाय, पण तेच्यार घरय चालना नाय.”

पेठ सुंदर करायची तर माझ्या मते सुरुवात इथून हवी. मागचा चरक पुन्हा पुढच्या ओसरीवर यावा. वस्तूवर करणाऱ्याचे नाव यावे. लाकडाची आणि लाखेची खरेदी सगळ्यांनी मिळून करावी. आळीतल्या भिंती आळीतल्याच पोरांनी, रोजची मजुरी घेऊन, चुन्यावर रंगवाव्यात. चुना दर वर्षी गणपतीपूर्वी पुन्हा द्यावा लागतो, ही त्याची खोड नव्हे; त्या निमित्ताने सगळी आळी वर्षातून एकदा एकत्र येते. व्यापारी बंधूंना हे खर्चिक वाटेल. त्यांनी एकदा आपल्या दुकानापुढे किती माणसे थांबतात आणि चालत्या चरकापुढे किती थांबतात, हे मोजून पाहावे.

गेल्या वर्षी बहिणीचे ते जुने जाते आणि आंबा घेऊन मी चितारआळीत गेलो. आंब्याचा रंग उडाला होता. दुकानातल्या तरुणाने तो हातात फिरवला, देठापाशी नखाएवढी हिरवी रेघ राहिली होती ती पाहिली आणि आत हाक मारली. आतून त्याची आई आली. तिने आंबा उजेडात धरला आणि म्हणाली, “ही आमच्या सासूबायची रेघ. ती असोच हात वळवी.” खाली कुठे नाव नव्हते, तारीख नव्हती. त्यांनी आंब्यावर नवी लाख चढवून दिली आणि पैसे घेईनात. मी घेतल्याशिवाय हलेना. बराच वेळ आमची उलटी घासाघीस चालली. शेवटी त्यांनी अर्धी मजुरी घेतली आणि उरलेल्या अर्ध्याची एक छोटी केळ माझ्या पिशवीत टाकली.