करग्रहण : दोन देशांतील दांपत्य आणि प्राप्तिकराचा इतिहास



संस्कृतात 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे राजाला द्यावयाचा भागही. त्यामुळे 'करग्रहण' या समासाचेही दोन अर्थ होतात. वराने वधूचा हात हाती घेणे हे करग्रहण, आणि राजाने प्रजेकडून कर घेणे हेही करग्रहणच. या दोन करग्रहणांची गाठ प्राप्तिकराच्या विवरणपत्रात पडते. नवरा-बायको एका गावात, एका राज्याच्या छत्राखाली नांदत असतील तर ही गाठ फारशी जाणवत नाही. परंतु दोघांपैकी एक दुसऱ्या देशाचा नागरिक असेल आणि तेथेच राहत असेल, तर मात्र राजाला विचारावे लागते की, हा संसार एक की दोन, आणि त्यातले उत्पन्न नेमके कोणाचे?

साहित्याच्या अध्यापकाने करकायद्याच्या वाटेला का जावे, असे कोणी म्हणेल. परंतु कायदा हा शेवटी शब्दांचाच व्यवहार आहे. 'पत्नी', 'परकीय', 'निवासी', 'उत्पन्न' या साध्या शब्दांना शतकभरात किती वेगवेगळे अर्थ चिकटले, आणि त्या अर्थभेदांपायी माणसांच्या संसारात काय काय घडले, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे. शिवाय आपल्या गोव्याचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

१. 'परकीय पत्नी' नव्हती तेव्हा

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पाश्चात्त्य कायद्यांत हा प्रश्नच उद्भवत नसे; कारण विवाहाबरोबर स्त्रीचे नागरिकत्व बदलत असे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे गोत्र बदलते, तसे तेथे राष्ट्र बदले. अमेरिकेच्या १८५५ च्या कायद्याने अमेरिकन पुरुषाशी विवाह करणारी परदेशी स्त्री आपोआप अमेरिकन झाली. १९०७ च्या कायद्याने याची दुसरी बाजू पुरी केली : परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावू लागली. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि तेथेच राहिलेल्या एथेल मॅकेन्झी या बाईंनी एका स्कॉटिश गायकाशी विवाह केला, एवढ्यावरून त्यांना मतदार म्हणून नोंदणी नाकारण्यात आली. १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नकार कायदेशीर ठरवला. एकही समुद्र न ओलांडता ती बाई परदेशी झाली होती.

१९२२ च्या केबल कायद्याने हे बंधन सैल केले; पण त्यालाही एक अपवाद होता. नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परकीयाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व तरीही जाई. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस अमेरिकन नागरिकत्वास अपात्र असल्याचा निर्णय झाला आणि भारतीयांशी विवाह केलेल्या अमेरिकन स्त्रिया या अपवादाच्या कचाट्यात सापडल्या. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचे नागरिकत्व याच कारणाने गेले. हा अपवाद १९३१ साली दूर झाला. पती एका राष्ट्राचा, पत्नी दुसऱ्या राष्ट्राची, आणि दोघे विवाहित, ही आज आपल्याला सहज वाटणारी स्थिती विसाव्या शतकाची निर्मिती आहे. स्त्रीला स्वतःचे राष्ट्र मिळाले, तेव्हा कुठे करखात्याला 'परकीय जोडीदार' भेटला.

२. अमेरिकेचा लांब हात

बहुतेक देश माणूस कोठे राहतो हे पाहून कर घेतात. अमेरिका मात्र नागरिक जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी त्याच्या सर्व उत्पन्नावर कर मागते. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या नागरिकाने याला आव्हान दिले. १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाचा हक्क मान्य केला. नागरिकत्वाचे संरक्षण सर्वत्र असते, म्हणून करही सर्वत्र, असा त्यामागचा विचार होता.

आता यात विवाह आणून पाहू. स्पॅनिश आणि फ्रेंच परंपरेचा वारसा सांगणाऱ्या काही अमेरिकन राज्यांत विवाहानंतरची कमाई पती-पत्नींची सामाईक समजली जाते. वॉशिंग्टन राज्यातील सीबॉर्न दांपत्याने १९२७ सालच्या उत्पन्नाचे दोन समान भाग करून दोन स्वतंत्र विवरणपत्रे भरली. चढत्या दरांच्या करपद्धतीत एका मोठ्या उत्पन्नापेक्षा दोन निम्म्या उत्पन्नांवर कर कमी बसतो. करखात्याने हरकत घेतली. परंतु १९३० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्याच्या कायद्याने अर्धे उत्पन्न मुळातच पत्नीच्या मालकीचे आहे. म्हणून त्यावरील करही तिचाच. पुढे ओक्लाहोमा, ओरेगॉन, मिशिगन, नेब्रास्का, पेनसिल्व्हेनिया ही राज्येही सामाईक मालमत्तेचा कायदा करण्यास पुढे सरसावली. स्त्रीच्या हक्कापेक्षा कराची बचत हीच त्यामागची प्रेरणा होती. कारण १९४८ साली केंद्रीय कायद्याने सर्वच दांपत्यांना संयुक्त विवरणपत्राद्वारे उत्पन्न विभागण्याची सोय दिल्यावर यांतील बहुतेक राज्ये त्या कायद्यापासून पुन्हा मागे फिरली.

मात्र या संयुक्त विवरणपत्राच्या दारावर एक पाटी होती. वर्षात केव्हाही दोघांपैकी एकजण 'अनिवासी परकीय' असेल तर आत प्रवेश नाही. कारण उघड होते. परदेशातील पत्नीच्या तेथील उत्पन्नापर्यंत अमेरिकेचा हात पोहोचत नव्हता. मग तिच्या नावाने सवलत तरी का द्यावी? यातूनच उलटी अडचणही निर्माण झाली. सामाईक मालमत्तेच्या नियमाने नागरिक पतीचा अर्धा पगार परदेशस्थ पत्नीचा ठरला, तर तो अर्धा भाग कराच्या हातातून निसटे.

१९७६ च्या करसुधारणा कायद्याने दोन्ही बाजूंना उत्तर दिले. एक, दोघांची संमती असेल तर परदेशस्थ जोडीदाराला करापुरते 'निवासी' मानून संयुक्त विवरणपत्र भरता येईल. पण मग त्या जोडीदाराचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेपुढे मांडावे लागेल. ही निवड एकदा संपुष्टात आली की त्याच दांपत्याला ती पुन्हा करता येत नाही. दोन, अशी निवड केली नाही तर श्रमाने मिळवलेले वेतन सामाईक नियम बाजूला ठेवून ज्याने कमावले त्याचेच धरले जाईल. निवड न करणाऱ्या नागरिकाला 'विवाहित, परंतु स्वतंत्र' म्हणून विवरणपत्र भरावे लागते आणि त्या वर्गाचे दर जाचक आहेत. मात्र त्याच्या घरी त्याच्यावर अवलंबून असलेले मूल असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील, तर कुटुंबप्रमुखाचे सौम्य दर मिळावेत म्हणून कायदा त्याला चक्क 'अविवाहित' समजतो. १९६५ नंतर अमेरिकेची दारे उघडली आणि आपल्याकडील असंख्य तरुण तेथे गेले. पत्नीच्या व्हिसाची वाट पाहत एकट्याने विवरणपत्र भरणाऱ्यांना विवाहाचे हे तीन अवतार चांगलेच परिचित आहेत.

३. गोव्याचा अर्धा वाटा

आता आपल्या घरी येऊ. सेआब्रा यांनी रचलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८६९ च्या फर्मानाने वसाहतींना लागू झाली आणि १८७० पासून येथे अमलात आली. विवाहपूर्व करार करून दुसरी व्यवस्था ठरवली नसेल, तर पती-पत्नींची सर्व मालमत्ता सामाईक, आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा, हे तिचे तत्त्व. विवाहसमयी ठरलेली व्यवस्था मागाहून बदलता येत नाही. तथापि स्त्रीच्या राष्ट्राविषयी ही संहिता आपल्या काळाचीच होती : परकीयाशी विवाह करणारी पोर्तुगीज स्त्री सामान्यतः नागरिकत्व गमावी, आणि परदेशात झालेल्या मिश्र विवाहात पक्षांनी काही ठरवले नसेल, तर पतीच्या देशाचा सामान्य कायदा गृहीत धरला जाई. अर्धा वाटा देणाऱ्या संहितेने तो वाटा कोणत्या देशाच्या मापाने मोजायचा हे मात्र पतीवर सोपवले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या कायद्याने येथील जुने कायदे पुढे चालू ठेवले. पोर्तुगालने १९६६ साली स्वतःसाठी नवी संहिता केली, पण आपल्याकडे जुनीच राहिली. १ एप्रिल १९६३ पासून भारताचा प्राप्तिकर गोव्यास लागू झाला. भारतीय प्राप्तिकरात दांपत्याचे संयुक्त विवरणपत्र नाही. पती वेगळा करदाता, पत्नी वेगळी. मग गोव्याच्या सामाईक मालमत्तेचे उत्पन्न कोणाचे? पतीचे, दोघांचे निम्मे-निम्मे, की त्या सामाईकतेलाच एक स्वतंत्र करदाता मानायचे? हा वाद तीन दशके रेंगाळला. १९९४ च्या वित्त अधिनियमाने कलम ५अ घालून आणि त्याला १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभाव देऊन तो मिटवला. सामाईकता हा करदाता नव्हे. पगार ज्याने कमावला त्याचा. घरभाडे, धंदा, व्याज इत्यादी इतर प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न दोघांत समान. अमेरिकेने १९७६ साली परदेशस्थ जोडीदारासाठी वेतनाविषयी जो विचार केला, तोच आपल्या कलमात सर्व दांपत्यांसाठी आलेला दिसतो. एक गंमत नोंदवतो : कलमात या संहितेचे वर्ष १८६० असे छापले आहे. सात वर्षांची ही तफावत कायद्याच्या पुस्तकात दीर्घकाळ सुखाने नांदली. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा करण्यात आला, तेव्हाही निम्म्या-निम्म्या वाटणीची ही तरतूद त्यात घेण्यात आली.

४. शेजारच्या घरातला परदेशी

गोव्यात 'परदेशी जोडीदार' हा बहुधा दूरदेशीचा पाहुणा नसतो. १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा मात्र स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीयत्व संपवतो. त्यामुळे त्याच वाड्यावर जन्मलेला, त्याच चर्चमध्ये किंवा देवळात वाढलेला पती लिस्बनला किंवा इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला की एके दिवशी परकीय होतो. पत्नी भारतीयच राहते. मॅकेन्झीबाई विवाहामुळे परकीय झाल्या. येथे विवाह तसाच राहून पतीचे राष्ट्र बदलते.

समजा, मडगावच्या एका शिक्षिकेला ५ लाख रुपये पगार, ४ लाख रुपये घरभाड्याचे करपात्र उत्पन्न आणि १ लाख रुपये व्याज आहे; पती लिस्बनला राहतो; आणि दोघे सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थेखाली येतात. कलमानुसार पगार पूर्ण तिचा. भाड्याचे २ लाख आणि व्याजाचे ५० हजार तिचे, तेवढेच पतीचे. तिच्या नावे साडेसात लाख, त्याच्या नावे अडीच लाख. तो अनिवासी असला तरी हे उत्पन्न भारतात निर्माण झालेले असल्याने येथील कायद्याच्या कक्षेत येते. विवरणपत्राच्या नमुन्यात या वाटणीसाठी स्वतंत्र परिशिष्ट असे आणि त्यात जोडीदाराचे नाव व पॅन क्रमांक मागितला जाई. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या, परक्या पारपत्राच्या पतीलाही गोव्यातील भाड्यापुरते भारतीय करदात्याचे नाव धारण करावे लागते. उलट, त्याने तेथे धंदा करून मिळवलेल्या नफ्याचा अर्धा भाग येथील पत्नीचा मानावा काय? कलमाच्या शब्दांत परदेशस्थ जोडीदाराचा उल्लेखच नाही. संहिता लिहिणाऱ्याच्या मनात एक घर होते, कलम लिहिणाऱ्याच्या मनात एक राज्य होते. दोन देशांत वाटला गेलेला संसार दोघांच्याही डोळ्यांपुढे नव्हता. म्हणून अशा दांपत्याने विवाहनोंदणीचा दाखला, विवाहपूर्व करार असल्यास तो, आणि निवासाचे दिवस ही तिन्ही गोष्टी घेऊन जाणत्या सल्लागाराकडे जाणेच शहाणपणाचे.

५. समारोप

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. प्रत्येक राज्याने विवाहाची व्याख्या आपला हात जेथवर पोहोचतो तेथवरच केली. हात पोहोचला तेव्हा दोघांना एक मानले, पोहोचला नाही तेव्हा वेगळे मानले, आणि सोयीचे झाले तेव्हा अविवाहितही मानले. अमेरिकेतील काही राज्यांनी पत्नीचा अर्धा वाटा करबचतीसाठी स्वीकारला आणि बचत अन्य मार्गाने मिळताच टाकून दिला. गोव्याचा अर्धा वाटा कर येण्याच्या नव्वद वर्षे आधीचा आहे. तो करबचतीची युक्ती नव्हे, मालकी आहे. कराने मागाहून येऊन ती ओळखली, इतकेच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही गोव्यातील ही संहिता परकीय कायदा नसून आता भारतीय कायदाच झाली असल्याचे स्पष्ट केले.

येथे बसलेल्या विद्यार्थिनींपैकी कितीतरीजणींचे संसार उद्या दोन देशांत मांडले जातील. 'येथे सही कर' असे म्हणून एखादा कागद त्यांच्यापुढे येईल. त्या वेळी त्यांनी तो प्रथम शब्दन् शब्द वाचावा. त्यातील 'जोडीदार' या रकान्यात आपले नाव का आहे, आणि त्या नावापुढचा अर्धा आकडा कोणाच्या मेहरबानीने नव्हे तर कोणत्या हक्काने आला आहे, हे त्यांना ठाऊक असावे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत वाचनच शिकवले. कराचा कागद वाचता येणे हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.