सल्ल्याचे पैसे कोणी द्यायचे?

भारतातल्या मध्यमवर्गाला गुंतवणुकीचा पहिला सल्लागार भेटला तो विमा एजंटाच्या रूपाने. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, सरकारने आयुर्विम्याचा कारभार अध्यादेशाने ताब्यात घेतला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाचा एजंट घरी येई, प्रस्तावाचा फॉर्म स्वतः भरून देई, हप्त्याची तारीख जवळ आली की आठवण करी. घरातली मिळकत, मुलांची शिक्षणे, ठरत आलेले लग्न, सगळे त्याला ठाऊक असे. सल्ल्याचे वेगळे पैसे तो मागत नसे, कारण त्याचे कमिशन हप्त्यातून निघे. विमा कायद्याने त्याची कमाल मर्यादा पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्के, पुढची दोन वर्षे साडेसात आणि नंतर पाच टक्के अशी घातली होती. हप्ता मोठा तेवढे कमिशन मोठे. म्हणून एंडोमेंट आणि मनी-बॅक पॉलिसी घरोघर पोचल्या आणि स्वस्तातला निव्वळ मुदतीचा विमा मागे पडला. एजंटाच्या कष्टांना यात उणेपणा नाही, दोष मोबदल्याच्या रचनेत होता.

विम्यानंतर म्युच्युअल फंड आले. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही म्युच्युअल फंड योजना आली. लोकांनी तिला मुदत ठेवीसारखेच मानले. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा हा समज फार महागात पडला.

म्युच्युअल फंडांतही कमिशन गुंतवणूकदाराच्याच पैशांतून जाई. सव्वादोन टक्के एंट्री लोड असेल, तर दहा हजारांच्या चेकमधले २२५ रुपये आधीच कापले जात आणि ९,७७५ गुंतत. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून हा लोड बंद केला. फंडांकडून वितरकांना मिळणारे वार्षिक कमिशन मात्र चालू राहिले.

खरा बदल २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार विनियमांनी झाला. सल्ला देणाऱ्याने नोंदणी करायची, शैक्षणिक पात्रता दाखवायची आणि ग्राहकाची जोखीम पेलण्याची कुवत तपासूनच सल्ला द्यायचा. २०२० च्या दुरुस्तीने, एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन, असे दोन्ही घेण्यास मनाई झाली. हा नियम आधीच यायला हवा होता.

फी देऊन सल्ला घेण्याची सवय अजून रुजलेली नाही. म्युच्युअल फंड वितरक लाखाहून अधिक आहेत, नोंदणीकृत सल्लागार मात्र हजाराच्या आसपासच. त्यांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे. पैसे सोपवण्याआधी वाचकांनी ती जरूर पाहावी.