नवशिक्या सायकलस्वाराचा एक दिवस : १८९५

सायकलीचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८१७ साली कार्ल फॉन ड्राइस यांनी मानहाइमच्या रस्त्यावर पायांनी रेटत चालवलेले लाकडी दुचाकी वाहन. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला बसलेली पायडले. त्यानंतरची छातीइतक्या उंच चाकाची सायकल. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी आणलेली, दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली आणि साखळीवर चालणारी 'रोव्हर'. आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी बनवलेला हवेचा टायर. पायरीपायरीने वर जाणारी ही हकीकत खरी आहे. परंतु तिच्यात एक माणूस क्वचितच दिसतो. नुकताच तोल सावरायला शिकलेला, गुडघे फुटलेला आणि एके सकाळी एकटाच गावाबाहेरच्या रस्त्याला लागलेला असा तो नवशिका. त्याला सायकल कोठून मिळाली, हे इतिहासकार सांगतात. त्याला तो *दिवस* कोठून मिळाला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला एक कादंबरी फार उपयोगी पडते. एच. जी. वेल्स यांची 'द व्हील्स ऑफ चान्स' १८९६ साली प्रसिद्ध झाली. वेल्स म्हटले की आपल्याला कालयंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळवासी आठवतात. अभ्यासक्रमांतही तेच असतात. त्या गर्दीत ही छोटीशी विनोदी कादंबरी झाकली गेली. तिचा नायक हूपड्रायव्हर हा लंडनच्या नैर्ऋत्येकडील पटनी या उपनगरातल्या कापडाच्या दुकानातील गुमास्ता आहे. निवेदक आपल्याला १४ ऑगस्ट १८९५ या तारखेला त्या दुकानात नेतो आणि प्रथम त्याचे पाय दाखवतो. पायांवर काळेनिळे वळ आहेत, खरचटल्याच्या खुणा आहेत. गुप्तहेराने धागेदोरे जुळवावेत तसा निवेदक त्यावरून अनुमान काढतो की हा माणूस संध्याकाळी लपूनछपून सायकल शिकतो आहे. वर्षाकाठी मिळणारी दहा दिवसांची सुटी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची आहे.

त्या सुटीचा पहिला दिवस असा जातो. पटनीची चढण त्याला चढवत नाही. तो सायकल हाताने ढकलत नेतो, तरीही मनातून गात असतो. पुढे किंग्स्टन, इशर, कॉबम आणि रिप्ले ही गावे येतात आणि रात्री गिल्डफर्डला मुक्काम पडतो. अंतर जेमतेम पंचवीस मैल, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत राखाडी पोशाखातली एक तरुणी सायकलवरून येताना दिसते. तिच्याकडे पाहण्याच्या नादात त्याचा तोल जातो आणि तो तिच्यासमोरच आडवा होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावरही झोपेत त्याचे पाय फिरतच राहतात. सायकलचा पहिला लांब पल्ला ज्याने केला आहे त्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

हे सगळे लिहिणारा स्वतःही नवशिकाच होता. १८९५ मध्ये वेल्स सरे परगण्यातील वोकिंग येथे राहायला गेले आणि तेथेच सायकल शिकले. हूपड्रायव्हर ज्या ज्या रस्त्याने गेला त्या त्या रस्त्याने आपण स्वतः सायकलवरून गेलो होतो, असे त्यांनी १९३४ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. याच काळात ते सायकलवरून आसपासची गावे हिंडत आणि मंगळवासीयांच्या हल्ल्यात कोणती ठिकाणे नष्ट करायची याची टिपणे घेत. अर्थात 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ची भूमीही सायकलवरूनच पाहिलेली आहे.

तेव्हाची सायकल आजच्यासारखी नव्हती, हे लक्षात घेतल्याशिवाय नवशिक्याची धास्ती कळणार नाही. पायडले न फिरवता चाक मोकळे सोडण्याची सोय, म्हणजे आपण ज्याला फ्रीव्हील म्हणतो ती, अजून रुळायची होती. चाक फिरले की पायडल फिरणारच. उतारावर चाकाची गती पायांना झेपेनाशी झाली की स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या टेकूंवर ठेवी. मग सायकल जाईल तेथे जाणे एवढेच त्याच्या हाती उरे. ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबला जाणारा एक ठोकळा. तो लागेलच अशी खात्री नसे. उतरायचे तर पायडल अगदी खाली आले असताना नेमका क्षण साधून उडी मारावी लागे. १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल-प्रवाशांच्या संघटनेने अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या होत्या, त्या काही उगाच नव्हेत. हूपड्रायव्हरची सायकल तर जुनी, जड आणि दुसऱ्याच्या हातची. नव्या चांगल्या सायकलीला दहा पौंडांहून अधिक पडत. दुकानात राहून-जेवून नोकरी करणाऱ्या कनिष्ठ गुमास्त्याच्या हाती इतकी रोकड यायला कित्येक महिने लागत.

रस्त्याचाही एक इतिहास आहे. लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारी ही जुनी टपालगाड्यांची वाट. रेल्वे १८४५ मध्ये गिल्डफर्डपर्यंत आणि १८५९ मध्ये थेट मार्गाने पोर्ट्समथपर्यंत पोचली, आणि घोडागाड्यांबरोबर या वाटेवरच्या खानावळीही ओस पडल्या. तीसेक वर्षे झोपी गेलेला हा रस्ता सायकलस्वारांनी जागा केला. १८८० च्या दशकात रिप्ले हे लंडनच्या सायकलस्वारांचे तीर्थक्षेत्रच बनले होते. तेथील 'अँकर' या खानावळीत रविवारी त्यांची झुंबड उडे. मोटारी अजून यायच्या होत्या. रेल्वेने रिकामा केलेला आणि मोटारीने अद्याप न बळकावलेला असा रस्ता इंग्लंडच्या इतिहासात थोडाच काळ होता. हूपड्रायव्हर नेमका त्या फटीतून बाहेर पडतो.

तथापि रस्ता मोकळा असून भागत नाही. माणूसही मोकळा असावा लागतो. येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. त्या काळी मोठ्या कापडदुकानांतील नोकर दुकानाच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या सामायिक खोल्यांत राहत. जेवण मालकाचे, बिछाना मालकाचा, रात्री दार बंद होण्याची वेळही मालकाचीच. १८८६ च्या कायद्याने दुकानांतील कामाच्या तासांवर पहिली मर्यादा घातली, पण ती केवळ अठरा वर्षांखालील मुलांपुरती. आणि ती मर्यादा तरी किती, तर जेवणाच्या वेळा धरून आठवड्याला ७४ तास! प्रौढ नोकराला एवढेही संरक्षण नव्हते.

वेल्स यांना हे ऐकून माहीत नव्हते. ते १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे साउथसी येथील एका कापडदुकानात उमेदवारी करत होते. घरातून करारनाम्याने बांधून दिलेला हा मुलगा माल उलगडणे, पुन्हा घड्या घालणे, धूळ झटकणे आणि गिऱ्हाईकापुढे वाकणे यांत दिवस घालवी. १८८३ मध्ये एका रविवारी सकाळी तो न खाता दुकानातून निघाला आणि सतरा मैल चालत, आई जेथे घरव्यवस्थापिका होती त्या अपपार्कच्या वाड्यावर पोचला. आपण हे काम यापुढे करणार नाही, एवढेच त्याला आईला सांगायचे होते. अखेर करार मोडला. जवळच्या मिडहर्स्ट गावातील शाळेत त्याला साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो शिष्यवृत्तीवर लंडनला विज्ञान शिकायला गेला. टी. एच. हक्स्ली त्याचे शिक्षक झाले.

आता हूपड्रायव्हरचा पुढचा मार्ग पाहावा. गिल्डफर्डहून तो हॅसलमिअरकडे आणि तेथून मिडहर्स्टला जातो. लेखकाने आपल्या नायकाला, बारा वर्षांपूर्वी स्वतःची सुटका जेथे झाली त्याच गावातून नेले आहे. कादंबरीत याचा उल्लेख नाही. पण ही वाट केवळ निसर्गशोभेसाठी निवडलेली नाही, असे मला वाटते. सोळा-सतरा वर्षांचा वेल्स ते अंतर पायी, परवानगीशिवाय आणि उपाशीपोटी गेला होता. हूपड्रायव्हर सायकलवरून, सुटी घेऊन आणि नवा तपकिरी पोशाख घालून जातो. दोघांत फरक असा की पहिला परत आला तो करार मोडण्यासाठी; दुसरा मात्र सुटी संपताच दुकानात हजर होणार आहे.

या फरकामुळेच कादंबरीतला विनोद पोकळ होत नाही. रस्त्यावर हूपड्रायव्हरला लोक सद्गृहस्थ समजतात, कारण सायकलीवरच्या पोशाखावरून गुमास्ता कोण आणि जमीनदार कोण हे ओळखता येत नाही. तो स्वतःही त्या भ्रमाला खतपाणी घालतो. आपण दक्षिण आफ्रिकेतून आलो आहोत, अशी थाप त्या तरुणीला मारतो. साम्राज्याच्या दूरच्या टोकाहून आलेल्या माणसाची जात-कुळी कोण तपासणार? पण त्याचे शरीर चुगली करते. हात आपोआप चोळले जातात, कंबर लवते, दुकानातली ठरावीक वाक्ये तोंडून निसटतात. सायकल शिकणे म्हणजे शरीराला नवी सवय लावणे. आणि हूपड्रायव्हरच्या शरीरात आधीची सवय इतकी मुरलेली आहे की दोन सवयींचे भांडण त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसते. शेवटी तो खरे सांगून टाकतो. पायडलवरून पडण्यापेक्षा हे पडणे अधिक लागणारे आहे, आणि अधिक मोलाचेही.

ती तरुणी, जेसी, हीदेखील नवख्या स्वातंत्र्याच्या शोधात घरातून निघालेली आहे. स्त्रियांसाठी हा रस्ता किती मोकळा होता, याची एक नोंद न्यायालयात आहे. ऑक्टोबर १८९८ मध्ये स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाच्या पुरस्कर्त्या लेडी हार्बर्टन रिप्लेजवळच्या ऑकम येथील 'हॉटबॉय' हॉटेलात सायकलवरून आल्या. त्यांनी विजार घातली होती म्हणून त्यांना जेवणाच्या दालनात प्रवेश नाकारला गेला आणि दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसण्यास सांगण्यात आले. सायकल-प्रवाशांच्या संघटनेने खटला उभा केला. १८९९ मध्ये किंग्स्टन येथे ज्यूरीने हॉटेलवालीला निर्दोष ठरवले. म्हणजे सरदारघराण्यातली स्त्रीही या रस्त्यावर सायकल चालवू शकत होती, पण उतरून सन्मानाने जेवू शकेलच असे नव्हते.

सायकलीने सामान्य माणसाला मुक्त केले, असे विधान आपण वारंवार वाचतो. वरील तपशिलांच्या उजेडात ते तपासून घ्यावे लागते. 'रोव्हर' १८८५ ची, हवेचे टायर १८८८ चे. दुकानातील नोकरांना आठवड्यातून अर्धा दिवस सुटी देणारा ब्रिटिश कायदा १९११ चा, आणि पगारी वार्षिक सुटीचा कायदा १९३८ चा. यंत्र आधी आले. दिवस फार नंतर आला. मधल्या काळात सायकल असलेल्या गुमास्त्याला मालकाने दिलेल्या दहा दिवसांत आपले सगळे आयुष्य जगून घ्यायचे होते. सायकलीने त्याला स्वातंत्र्य दिले नाही. स्वातंत्र्य कसे लागते, त्याची चव दाखवली. चव कळल्यावर मागणी करता येते. आठवड्याची सुटी, कामाचे मर्यादित तास, दुकानाबाहेर राहण्याचा हक्क यांसाठी पुढे ज्या चळवळी झाल्या त्यांचे श्रेय सायकलीला देणे भाबडेपणाचे होईल. मात्र रिकाम्या दिवसाचे काय करायचे, हे त्या पिढीला कोणी शिकवले असेल तर त्यात या रस्त्यांचा वाटा आहे.

आपल्याकडेही या गोष्टीचे धागे आहेत. त्याच काळात, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावासह सायकलींचे दुकान काढले; नांगराच्या कारखान्याआधी या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकलींनी झाली, हे मराठी वाचकाला परिचित आहे. त्यानंतरच्या पिढ्या तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर, मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकल्या. भाड्याचा तास संपण्याआधी दुकानात परतायचे, ही घाई ज्यांना आठवते त्यांना हूपड्रायव्हरचे दहा दिवस समजायला टीकाग्रंथांची गरज नाही.

कादंबरीच्या अखेरीस हूपड्रायव्हर पटनीला परत येतो. जेसीने पुस्तके पाठवण्याचे कबूल केले आहे; सहा वर्षांत माणूस स्वतःला किती घडवू शकतो, याचा तो विचार करतो आहे. तो घडला का, हे वेल्स सांगत नाहीत. 'किप्स' (१९०५) आणि 'द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली' (१९१०) या कादंबऱ्यांत ते पुन्हा कापडदुकानांतील माणसांकडे वळले, त्याअर्थी तो प्रश्न त्यांच्यापुरताही मिटला नव्हता. वर्गात ही कादंबरी शिकवताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: त्या सकाळी पटनीची चढण चढताना तो सायकल ढकलत होता, तरी आनंदात का होता? चढ संपल्यावर उतार येतो म्हणून, असे उत्तर कोणीतरी देईल. दुसरे उत्तरही एखाद्याला सुचावे, की त्या दिवशी कोणत्या चढणीवर घाम गाळायचा हे प्रथमच त्याने स्वतः ठरवले होते.